बीच क्रूझर लेडीज सायकल: निवड, जोडणी आणि खाऱ्या वाऱ्यातली तयारी

ऑनलाइन मागवलेली क्रूझर खोक्यातून येते तेव्हा साधारण ८० ते ८५ टक्के जोडलेली असते. चौकट, मागचं चाक, चेन आणि क्रँक (ज्यांना पायडल बसतात ते दांडे) कारखान्यातच बसवलेले असतात. हँडल, पुढचं चाक, सीट, पायडल आणि मडगार्ड आपल्याला बसवावे लागतात. काम दोन तासांचं आहे, पण त्यात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात: चिमटा (फोर्क) उलटा राहतो, डावं पायडल जोर लावून घुसवल्याने क्रँकचे आटे जातात, कोस्टर ब्रेकचा (पायडल मागे दाबून लागणाऱ्या ब्रेकचा) मागच्या चाकाजवळचा हात चौकटीला बांधायचा राहतो, आणि सगळे सांधे कोरडेच आवळले जातात. पहिल्या तीन चुका रस्त्यावर लगेच कळतात. चौथी पावसाळा संपल्यावर कळते, जेव्हा सीट वर घ्यायला जावं आणि दांडा नळीत गंजून बसलेला असतो. म्हणून खालच्या क्रमात जवळजवळ प्रत्येक सांध्यावर आधी ग्रीस येतं आणि मग पाना.

१. विकत घेण्याआधी: रस्ता, ब्रेक, माप

क्रूझर म्हणजे २६ × २.१२५ इंचाचे जाड टायर, मागे वळलेलं रुंद हँडल, स्प्रिंगची रुंद सीट आणि लेडीज चौकटीत खाली झुकलेली नळी. वजन बरंच असतं आणि बसणं सरळ पाठीचं, त्यामुळे चढावर ही सायकल दमवते. रंग आणि टोपली बघण्याआधी आपला रोजचा रस्ता बघा.

नागाव-रेवदंडा किंवा तारकर्ली-देवबाग अशा सपाट पट्ट्यात सिंगल स्पीड पुरते. बिघडण्यासारखे भाग कमी, म्हणून खाऱ्या हवेत ती टिकतेही जास्त. आरे-वारे, वेळणेश्वर, कुणकेश्वर अशा चढउताराच्या भागात राहत असाल तर ७ गिअरची घ्या. सिंगल स्पीड आधीच घेतली असेल तर अर्धा उपाय आहे: पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर मागची चकती २२ दातांची बसवून घ्या. पायडल सुमारे १८ टक्के हलकं होतं. चेन मात्र एखाद-दोन कड्यांनी वाढवावी लागते.

ब्रेकचा विचार गिअरपेक्षा महत्त्वाचा आहे. पुष्कळ सिंगल स्पीड क्रूझरना फक्त कोस्टर ब्रेक असतो, म्हणजे पायडल मागे दाबलं की मागचं चाक थांबतं. सपाटीवर तो छान चालतो आणि सगळी यंत्रणा हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या, आत असल्याने वाळूचा त्रासही कमी होतो. पण चेन उतरली की तो ब्रेक पूर्ण जातो, आणि लांब उतारावर सतत दाबून धरला तर हब तापून आतलं ग्रीस जळतं. म्हणून कोस्टरच्या जोडीला पुढे हाताचा ब्रेक नसेल तर ती सायकल कोकणात घेऊ नका. पुढच्या चिमट्याला ब्रेक बसवायची भोकं किंवा खुंट्या आहेत का, हे विक्रेत्याला आधीच विचारा. नंतर बसवू म्हटलं तर त्याशिवाय जमत नाही.

दुकानात जाताना खिशात छोटा चुंबक न्या. रिमला चिकटला तर ती लोखंडी आहे. अशी रिम भिजली की ब्रेकचं रबर तिच्यावर नुसतं घसरतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर रिम कोरडी नसतेच. अॅल्युमिनियमची रिमच घ्या. चाकाच्या तारांना चुंबक जोरात चिकटला तर त्या जस्ताच्या मुलाम्याच्या साध्या तारा आहेत. चालतील, पण स्टेनलेस मिळाल्या तर थोडे पैसे जास्त द्यावेत. लोखंडी चौकट वाईट नाही, तिला आतून जपावं लागतं. अॅल्युमिनियमची चौकट गंजत नाही, पण तिच्यातले बोल्ट लोखंडीच असतात.

माप असं घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक आडवं वर सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. ही पायाची आतली उंची. पायडल सर्वांत खाली असताना त्याच्या पृष्ठभागापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण इतकंच अंतर हवं. त्या वेळी पायडल जमिनीपासून १० ते १२ सेमी वर असतं. त्यामुळे साध्या चौकटीत सीट बरोबर असली तर बसल्या बसल्या फक्त चवडे टेकतात. दोन्ही पाय पूर्ण टेकवायचे असतील तर पायडल सीटच्या बरंच पुढे ठेवलेली चौकट मागा. साध्या चौकटीची सीट खाली दाबून पाय टेकवले तर महिन्याभरात गुडघे दुखू लागतात. उंची ५ फुटांच्या आत असेल तर २४ इंची चाकांची सायकल बसून बघितल्याशिवाय २६ इंची घेऊ नका.

साडी, ओढणी किंवा घेरदार कपडे रोज वापरात असतील तर दोन गोष्टी सायकलीसोबतच मागा: पूर्ण झाकणारं चेनकव्हर आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी साडी गार्ड. जाड टायरला बेताने बसणारं गार्ड नंतर शोधणं कठीण जातं. मडगार्डही टायरपेक्षा रुंद हवं, नाहीतर जांभ्याचा लाल चिखल पाठीवर उडतो.

२. खोका आल्यावर

कुरिअर वाडीपर्यंत येत नसेल आणि तालुक्याच्या गावातून टेम्पोने खोका आणावा लागत असेल, तर खोका उभाच आणा. आडवा टाकून वर सामान ठेवलं की गिअरचा मागचा भाग आत वाकतो.

सही करण्याआधी खोक्याच्या दोन्ही बाजू बघा. चाकाचा आस पुठ्ठा फोडून बाहेर आला असेल तर फोटो काढा. उघडल्यावर छोटा डबा किंवा पिशवी आधी शोधा, कारण पायडल, नट, वायसर त्यातच असतात आणि पुठ्ठ्याबरोबर फेकले जातात. चौकटीच्या खाली, क्रँकच्या नळीवर कोरलेला नंबर टिपून बिलासोबत ठेवा.

पडवीत जुनी चादर पसरून काम करा. खळ्यात किंवा माडाखालच्या वाळूत नको. वाळूचा एक कण ग्रीसला चिकटून छर्‍यांत गेला की चाक करकरत राहतं.

लागणारं सामान: १५ मिमीचा पातळ पाना, १३ आणि १४ चे पाने, ४, ५, ६ आणि ८ मिमीच्या अॅलन की, प्लस स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुनं सुती कापड, दाबमापक असलेला पंप आणि १०० ग्रॅम ग्रीस. बोटीच्या इंजिनाचं पाणी न धरणारं ग्रीस बंदराजवळच्या दुकानात मिळालं तर उत्तमच, नाहीतर साधं लिथियम ग्रीस चालेल. मडगार्ड आणि कॅरिअरच्या बोल्टसाठी आटे धरून ठेवणाऱ्या निळ्या द्रवाची छोटी बाटली घ्या.

सावधान: रिमची कड, ब्रेकचं रबर आणि हँडल दांड्यात जिथे आवळलं जातं ती पट्टी, या तीन जागा ग्रीसपासून लांब ठेवा. चुकून बोट लागलंच तर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा.

३. चिमटा सरळ करा, मग हँडल

खोक्यात जागा वाचवण्यासाठी चिमटा, म्हणजे फोर्क, बहुधा मागे वळवलेला असतो. तो तसाच ठेवून चाक आणि हँडल बसवलेल्या सायकली किनाऱ्यावर सहज दिसतात. अशी सायकल चालते, पण हँडल थरथरतं आणि वळताना पायाचा पंजा चाकाला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे: चिमट्याची टोकं पुढे झुकलेली हवीत आणि ब्रेक बसवायची जागा चिमट्याच्या पुढच्या अंगाला हवी.

चिमटा फिरवताना ब्रेकची वायर चौकटीभोवती गुंडाळली जाऊ देऊ नका. मग हँडलच्या दांड्याला बाहेरून, खालच्या तिरक्या तुकड्याला आणि मधल्या लांब बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. दांडा आत सरकवा. दांड्यावर कोरलेली किमान खोलीची रेघ पूर्ण आत गेली पाहिजे. ती दिसत असेल तर दांडा मोडू शकतो, आणि तो मोडतो तेव्हा सगळा भार हातांवर असतो. ६ मिमीच्या कीने आता फक्त हलकं आवळा, चाक बसल्यावर रेषा जुळवायची आहे.

हँडलच्या मुठी मनगटाच्या नैसर्गिक उताराने किंचित खाली आणि मागे झुकलेल्या ठेवा. पूर्ण वळवून बघा, गुडघ्याला मूठ लागता कामा नये. लागत असेल तर हँडल थोडं वर फिरवा.

४. पुढचं चाक

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघा. चिमट्याच्या टोकांत अडकवलेला प्लास्टिकचा तुकडा काढा. चाक बसवण्याआधी आस बोटांनी फिरवा. खरखर लागली तर आतले कोन (आसावरचे, छर्‍यांना धरून ठेवणारे नट) कारखान्यात जास्त आवळले गेले आहेत, आस हलत असेल तर ढिले आहेत. दोन्हींसाठी १३ चा पातळ पाना लागतो. तो नसेल तर चाक सायकलवाल्याकडे न्या, आणि तसंच चालवू नका.

आसाच्या आट्यांना ग्रीस लावा आणि सायकल जमिनीवर उभी ठेवूनच चाक बसवा, म्हणजे आस खाचेच्या तळाला टेकतो. बाहेरून क्रम असा: आधी आकडा असलेलं सुरक्षा वायसर, त्याचा आकडा चिमट्याच्या भोकात. मग मडगार्डची तार, मग साधं वायसर, मग नट. हे आकडेवालं वायसर कित्येक जण उलटसुलट लावतात किंवा जास्तीचं समजून टाकून देतात. नट ढिला झाला तरी चाक निसटू नये यासाठीच ते आहे. नट एकदम एका बाजूने न आवळता डावा-उजवा आलटून पालटून आवळा.

आता चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल चाकाच्या रेषेत आणा आणि मधला बोल्ट पक्का करा.

तपासणी: चाक गुडघ्यांत धरून हँडल जोराने पिळा, सरकता कामा नये. पुढचा ब्रेक जोडल्यावर तो दाबून सायकल पुढे-मागे हलवा. चौकटीच्या डोक्याशी, म्हणजे हँडलचा दांडा जिथे आत जातो तिथे, टकटक जाणवली तर वरचा कोन ढिला आहे. चाक उचलून फिरवा. रिम एका बाजूला डुलत असेल तर सायकलवाल्याकडून आउट काढून घ्या. तारा आवळण्याचं काम सवय नसताना करू नका.

५. सीट

दांडा आणि नळीचं तोंड, दोन्हींना सढळ हाताने ग्रीस. लोखंडी चौकटीत अॅल्युमिनियमचा दांडा असेल तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातू एकमेकांना धरून बसतात, आणि मग चौकट कापायची वेळ येते. किमान खोलीची रेघ इथेही आत हवी. सीट सपाट ठेवा. उंची लावायला भिंतीला हात टेकून बसा आणि टाच पायडलवर ठेवून ते सर्वांत खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे.

६. पायडल: सर्वांत जास्त नुकसान इथे होतं

आसाच्या टोकावर किंवा चपट्या भागावर उजव्या-डाव्याची खूण कोरलेली असते: आर उजवं, एल डावं. उजवं म्हणजे चेनकडचं. उजव्याचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. चालवताना पायडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ही रचना आहे. लक्षात ठेवायला सोपं असं की पाना पायडलच्या आसावर उभा धरला, तर दोन्ही बाजूंना तो सायकलच्या पुढच्या चाकाकडे ढकलला की पायडल आवळतं.

आट्यांना ग्रीस लावा. आस क्रँकला काटकोनात धरून, पाना न वापरता, नुसत्या बोटांनी किमान तीन-चार वेढे फिरवा. पहिल्याच वेढ्याला अडलं तर काढा, पुसा, पुन्हा धरा. बोटांनी जात नाही म्हणून पाना लावणं हीच ती चूक. पायडलचा आस पोलादी आणि क्रँक मऊ अॅल्युमिनियमचा असेल तर क्रँकचे आटे चिरले जातात आणि नवा क्रँक घ्यावा लागतो. आस खांद्यापर्यंत टेकल्यावर १५ च्या पान्याने पूर्ण ताकदीने आवळा. अर्धवट आवळलेलं पायडल डुलत डुलत आटे खातं.

पायडल बदलून घेणार असाल तर एक बारकावा आहे. दोन्ही हात आणि मधला आस एकाच वाकवलेल्या तुकड्याचे असतील तर पायडलचं माप १/२ इंच असतं, तीन तुकड्यांच्या क्रँकला ९/१६. एक दुसऱ्यात जात नाही.

तीन तुकड्यांचा क्रँक असेल तर टोपी काढून ८ मिमीच्या कीने किंवा १४ च्या बॉक्स पान्याने मधला बोल्ट तपासा. कारखान्यातून आलेला हा बोल्ट पुष्कळदा पुरेसा आवळलेला नसतो. ढिला राहिला तर चौकोनी भोक गोल होतं आणि मग कितीही आवळून उपयोग नाही.

७. चेन आणि ब्रेक

सिंगल स्पीडची चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर एकूण दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. फार ताणलेली असेल तर पायडल जड जातं, ढिली असेल तर उतरते. क्रँक पूर्ण फिरवत वेगवेगळ्या ठिकाणी बघा, कारण चकती अगदी गोल नसते, आणि सर्वांत ताठ जागी हे माप धरा. मागचे नट सैल करून चाक पुढे-मागे सरकवा आणि आवळण्याआधी टायर दोन्ही नळ्यांच्या मधोमध आहे ना, ते पाहा.

चाक सरकवण्यासाठी कोस्टरच्या हाताचा पट्टाही सैल करावा लागतो. काम झालं की तो परत चौकटीच्या खालच्या नळीला बांधून नट-बोल्ट आवळा. हा हात मोकळा राहिला तर ब्रेक लावताक्षणी आस आणि हात गरकन फिरतात, ब्रेक लागत नाही आणि तारा तुटतात. हात वाकवून ओढूनताणूनही बांधू नका, सरळ जागेवर आला पाहिजे.

पुढच्या ब्रेकचं रबर पूर्ण रिमवर टेकलं पाहिजे, टायरला अजिबात नाही. टायरला घासणारं रबर काही फेऱ्यांतच टायरची कड कापतं. दोन्ही बाजूंना १ ते २ मिमी मोकळीक ठेवा. रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा किंचित आधी टेकू द्या, किंचाळणं थांबतं. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबला तरी मुठीपासून दोन बोटं लांब राहिला पाहिजे.

७ गिअर असतील तर मागचं चाक उचलून एकेक गिअर बदला. चेन तारांच्या दिशेला किंवा चौकटीकडे उतरत असेल तर एच आणि एल खुणेचे दोन मर्यादा स्क्रू पाव-पाव वेढ्याने फिरवा. एच छोट्या चकतीकडची मर्यादा, एल मोठ्या.

तपासणी: सायकल ढकलत चाला. कोस्टर असेल तर पायडल मागे दाबून मागचं चाक घट्ट अडतं का बघा. मग पुढचा ब्रेक दाबा, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. हे दोन्ही झाल्याशिवाय सीटवर बसू नका.

८. मडगार्ड, गार्ड, टोपली

या बोल्टना निळा द्रव लावा, ग्रीस नको. खडबडीत रस्त्यावर सर्वांत आधी हेच गळतात. टोपली बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकची वायर दबत नाही ना बघा. साडी गार्डची कोणतीही तार चाकाच्या तारांपासून बोटभर लांब हवी.

९. हवा

कमाल दाब टायरच्या कडेवर लिहिलेला असतो. डांबरी रस्त्यावर २६ × २.१२५ ला ३५ ते ४५ पीएसआय पुरतात. ओहोटीला मुरुड-कर्द्यासारख्या घट्ट ओल्या पुळणीवर २० ते २५ वर सायकल बरीच हलकी चालते. रस्त्यावर परतण्याआधी मात्र हवा भरा, नाहीतर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते. कोरड्या भुसभुशीत वाळूत कोणताही दाब चालत नाही, तिथे उतरून चाला. पेट्रोल पंपावर हवा भरायची असेल तर थोडी थोडी भरा आणि दर वेळी दाब बघा.

१०. पहिले ३० किलोमीटर

पहिली फेरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर करा आणि ब्रेक सवयीचे होईपर्यंत उतार टाळा. सुमारे ३० किलोमीटर झाल्यावर पुन्हा पाने काढा आणि या क्रमाने आवळा: क्रँकचे बोल्ट, पायडल, दोन्ही चाकांचे नट, हँडलचा दांडा, कोस्टरचा हात, सीट. नव्या सायकलीच्या वायरी ताणतात, म्हणून ब्रेकची वायरही थोडी ओढून घ्यावी लागते.

११. खारा वारा आणि आगोट (पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस)

लाटेत सायकल घालू नका. हबमध्ये शिरलेलं खारं पाणी बाहेर येत नाही, आतल्या आत छर्रे खातं. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याची अर्धी बादली आणि मग्गा पुरतो. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा नको, तो ग्रीस ढकलून पाणी आत घालतो. चेन कापडाने पुसा, सुकू द्या आणि प्रत्येक कडीवर चेनच्या तेलाचा एकेक थेंब टाका. दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून घ्या, कारण वर राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते. खोबरेल वापरू नका. धूळ धरून ते चिकट होतं आणि थंडीच्या पहाटे गोठतं. गंज सोडवणारा स्प्रे पाणी हटवायला बरा, पण त्याच्या भरवशावर चेन ठेवली तर दोन दिवसांत कोरडी पडते.

मे अखेरीला, पहिला पाऊस यायच्या आत, सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा बाहेर काढून नवं ग्रीस लावा. क्रँकच्या नळीखाली पाणी निघायचं छोटं भोक असतं, ते तारेने मोकळं करा. लोखंडी चौकट असेल तर सीटच्या नळीतून आत थोडं गंजरोधक तेल सोडून चौकट सगळीकडे कलती करा. पावसात सायकल पडवीत ठेवा आणि प्लास्टिकच्या कागदाने घट्ट झाकू नका, आत दमटपणा कोंडतो. जुना सुती पलंगपोस टाकला तरी चालतो. महिनाभर चालवणार नसाल तर आठवड्यातून एकदा दोन्ही चाकं आणि पायडल हाताने फिरवा आणि हवा बघा. हवा उतरलेल्या टायरवर उभी राहिलेली सायकल कडेला चिरा पाडून घेते.